क्वेरीचा निकाल वाचताना: भरलेली मेमरी, नसलेली ओळ आणि फसवे शून्य

आपला प्रश्न मला जसा समजला तसा आधी मांडतो, म्हणजे काही चुकले असेल तर लगेच लक्षात येईल. उदगीरच्या एका आडत दुकानासाठी आपण पीएचपी ही भाषा आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरून हिशोबाचा प्रोग्राम लिहिला आहे. त्यात पाच वर्षांच्या मिळून साधारण तीन लाख पट्ट्या, म्हणजे मालविक्रीच्या हिशोबाच्या पावत्या, आहेत. वर्षअखेरचा शेतकरीनिहाय अहवाल काढताना मेमरी संपल्याचा संदेश येतो आणि पान अर्धवट राहते. मेमरीची मर्यादा आपण १२८ मेगाबाइटवरून ५१२ आणि पुढे १०२४ केली. त्याने काही महिने निभावले आणि यंदा सोयाबीनची आवक सुरू होताच तोच संदेश परत आला. ज्या शेतकऱ्याची एकही पट्टी नाही त्याचे पान उघडले की 'नल'वर, म्हणजे रिकाम्या मूल्यावर, ॲरेसारखा (यादीसारखा) हात घातल्याची चेतावणी दिसते. शिवाय काही शेतकऱ्यांची उचल नोंदवायची राहून गेलेली असताना अहवालात ती शून्य छापली जाते आणि त्यावरून दुकानात वाद होतात. निकाल वाचताना एकेक ओळ देणारे 'फेच' वापरावे की सर्व ओळी एकदम देणारे 'फेच-ऑल', आणि जावा किंवा पायथनकडे वळल्यास यातून सुटका होईल का, असे आपण विचारले आहे.

लातूर-नांदेड पट्ट्यात दालमिल, पतसंस्था आणि आडत दुकाने यांच्यासाठी अशीच कामे करण्यात माझी अठरा वर्षे गेली आहेत, आणि आपण सांगितलेल्या बहुतेक चुका मी स्वतः करून बसलो आहे. त्या अनुभवावरून माझे मत असे की आपल्या तीन तक्रारी वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. क्वेरी, म्हणजे डेटाबेसकडे केलेली मागणी, चालवली की तिचा निकाल म्हणजे एक भरलेली यादी आपल्या हातात आली, असे आपला प्रोग्राम गृहीत धरतो. प्रत्यक्षात निकाल हा सर्व्हरकडून आपल्याकडे ओळीओळीने येणारा माल असतो. सौदा झाल्यावर ट्रॉलीतला सगळा माल दुकानात ओतून मग कोणी मोजत नाही. एकेक कट्टा काट्यावर चढतो, वजन लिहिले जाते, कट्टा बाजूला होतो. काट्यावर कट्टा आहे का, हे पाहिल्याशिवाय वजन लिहिले जात नाही, आणि वजन करायचे राहिले तर तोलणारा त्या जागी शून्य लिहीत नाही. निकाल वाचणाऱ्या कोडने एवढीच शिस्त पाळायची असते.

काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. डेटाबेस दुकानातल्याच संगणकावर आहे की मुंबईच्या एखाद्या भाड्याच्या सर्व्हरवर, अहवाल निघत असताना दुसऱ्या काउंटरवर नव्या पट्ट्या चढत असतात का, आणि पीएचपीची आवृत्ती कोणती, यांनुसार उत्तराचे तपशील बदलतात. आपण पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी बोलण्याची सोय) वापरता आणि आवृत्ती आठच्या पुढची आहे, असे धरून मी लिहितो.

'फेच' की 'फेच-ऑल' हा प्रश्न येण्याआधी आणखी एक प्रश्न येतो: या तीन लाख ओळी प्रोग्रामपर्यंत आणायच्याच कशासाठी? आपण लिहिले आहे की टेबलातील सर्व कॉलम, सर्व वर्षांचे, तारा (*) हे चिन्ह वापरून मागवता आणि मग लूपमध्ये वर्ष तपासून नको असलेल्या ओळी सोडून देता. अहवाल एका वर्षाचा असेल तर बाकी चार वर्षांच्या ओळी केवळ टाकून देण्यासाठी आणल्या जात आहेत. तारखेची अट क्वेरीतच घालावी, आणि तीही 'तारखेतून वर्ष काढा आणि तुलना करा' अशी न घालता '१ एप्रिल २०२४ पासून १ एप्रिल २०२५ च्या आधीपर्यंत' अशी घालावी. पहिल्या पद्धतीत प्रत्येक तारखेवर फंक्शन चालवावे लागत असल्याने तारखेच्या कॉलमवरील साध्या इंडेक्सचा, म्हणजे झटपट शोधासाठीच्या सूचीचा, उपयोग होत नाही. दुसऱ्या पद्धतीत तो सरळ वापरता येतो, आणि आर्थिक वर्षही नीट पकडले जाते. कॉलम नावानिशी मागावेत. बेरीज करायची असेल तर ती डेटाबेसकडूनच करून घ्यावी: शेतकरीनिहाय गट करून एकूण क्विंटल, एकूण रक्कम आणि एकूण हमाली मागितली, तर लाखो ओळींच्या जागी शेतकऱ्यांच्या संख्येएवढ्याच, म्हणजे तीन-चार हजार ओळी येतील. माझ्याकडे आलेल्या मेमरीच्या तक्रारींपैकी बऱ्याच इथेच मिटल्या आहेत.

यालाच लागून दुसरी गोष्ट. शेतकऱ्यांची यादी मागवून, लूपमध्ये प्रत्येकासाठी पट्ट्यांची एक आणि उचलीची एक क्वेरी चालवणे, ही पद्धत दुकानातल्या संगणकावर खपून जाते. सर्व्हर दूर गेला की उघडी पडते. जाण्या-येण्याला ३० मिलिसेकंद धरले तरी ४००० शेतकऱ्यांच्या प्रत्येकी एका क्वेरीचे मिळून १२० सेकंद होतात, आणि त्यातला बहुतेक वेळ नुसता वाट पाहण्यात जातो. म्हणून जोडणी करून एकाच क्वेरीत सर्व मागवा, असे सगळेच सांगतात. परंतु ही जोडणी करताना एक खड्डा आहे. शेतकऱ्याच्या टेबलाला पट्ट्या आणि उचल ही दोन्ही टेबले थेट जोडली, आणि एखाद्या शेतकऱ्याच्या तीन पट्ट्या व दोन उचली असल्या, तर त्याच्या सहा ओळी तयार होतात. मग पट्ट्यांची बेरीज दुप्पट आणि उचलीची बेरीज तिप्पट येते. कोणतीही चूक दाखवली जात नाही, पान झटकन उघडते आणि आकडे खोटे असतात. त्यामुळे पट्ट्यांची शेतकरीनिहाय बेरीज एका उपक्वेरीत, उचलीची दुसऱ्या उपक्वेरीत, आणि मग ही दोन तयार उत्तरे शेतकऱ्याच्या टेबलाला लेफ्ट जॉइनने जोडावीत. लेफ्ट जॉइन यासाठी की ज्याची पट्टीच नाही असा शेतकरी यादीतून गळून पडू नये.

आता आपला मूळ प्रश्न. 'फेच-ऑल' सर्व ओळींचा एक मोठा ॲरे बनवून देते, तर 'फेच' दर वेळी एक ओळ देते आणि ओळी संपल्या की फॉल्स परत करते. निकाल लहान असेल, उदाहरणार्थ तालुक्यांची यादी किंवा एका शेतकऱ्याच्या वर्षभराच्या पट्ट्या, तर 'फेच-ऑल' बिनधास्त वापरावे; त्यात कमीपणा काही नाही. निकाल किती मोठा होईल याला मर्यादा नसेल, तिथे मात्र ते टाळावे. दहा-बारा कॉलमची एक ओळ पीएचपीच्या ॲरेमध्ये ठेवायला सहज एक किलोबाइटच्या आसपास जागा लागते, म्हणजे तीन लाख ओळींना सुमारे तीनशे मेगाबाइट झाले. त्यातच त्याच ॲरेची क्रमवारी लावताना किंवा गाळून दुसरा ॲरे बनवताना आणखी जागा लागते. आपली मर्यादा वाढवूनही का पुरली नाही, याचा हिशोब इथे लागतो.

तरीही 'फेच-ऑल' काढून 'फेच' लिहिले की काम झाले, असे मी म्हणणार नाही, कारण इथे बरेच जण फसतात. पीडीओचा मायएसक्यूएल ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये संपूर्ण निकाल क्वेरी चालवतानाच आपल्या बाजूला ओढून बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, ठेवतो. आपण एकेक ओळ मागत असलो तरी माल आधीच घरात येऊन पडलेला असतो. हल्ली पीएचपीसोबत येणाऱ्या मायएसक्यूएल नेटिव्ह ड्रायव्हरमध्ये हा बफर पीएचपीच्याच मेमरी मर्यादेत मोजला जातो. 'फेच'ने ॲरेचा खर्च वाचतो, बफरचा नाही. तोही वाचवायचा असेल तर त्या कनेक्शनवर बफर केलेल्या क्वेरीचे सेटिंग बंद करावे लागते. मग ओळी खरोखरच सर्व्हरवरून येतील तशा वाचल्या जातात आणि तीन लाख ओळी वाचूनही मेमरी जवळजवळ जागची हलत नाही.

बफर बंद करण्याची किंमतही सांगितली पाहिजे. निकाल पूर्ण वाचून होईपर्यंत किंवा कर्सर (निकाल वाचण्याची खूण) बंद करेपर्यंत त्याच कनेक्शनवर दुसरी क्वेरी चालवता येत नाही. लूपमध्ये लपलेली एखादी छोटी क्वेरी असेल तर लगेच चूक येते. किती ओळी आल्या हे आधी कळत नाही. आणि आपण प्रत्येक ओळीवर संथ काम करत बसलो, समजा प्रत्येक शेतकऱ्याला संदेश पाठवत बसलो, तर सर्व्हर तेवढा वेळ ताटकळतो. पलीकडून कोणी वाचतच नसेल तर तो किती वेळ थांबेल, याची मूळ मर्यादा मायएसक्यूएलमध्ये ६० सेकंदांची आहे. त्यानंतर कनेक्शन तुटू शकते. म्हणून अशा वाचनात फक्त वाचावे आणि फाइलमध्ये लिहावे, जड काम नंतर करावे.

मला स्वतःला मोठ्या अहवालांसाठी तिसरा मार्ग अधिक पसंत आहे: हजार-हजार ओळींचे तुकडे. यात 'पहिल्या अमुक ओळी सोडून पुढच्या हजार द्या' असे ऑफसेटने सांगू नये. सोडायच्या ओळीही सर्व्हरला वाचाव्याच लागतात, त्यामुळे शेवटचे तुकडे पहिल्यांपेक्षा कितीतरी हळू येतात; शिवाय मधल्या वेळेत एखादी पट्टी रद्द झाली तर ओळी सरकतात आणि एखादी नोंद वाचायचीच राहते. त्याऐवजी मागच्या तुकड्यातील शेवटचा पट्टी क्रमांक लक्षात ठेवावा आणि 'या क्रमांकापेक्षा मोठे क्रमांक, क्रमाने, हजार' असे मागावे. क्रम सांगणे विसरू नये. क्रम न सांगता ओळी आजवर चढत्या क्रमानेच येत होत्या हा योगायोग असतो, आणि एखादा नवा इंडेक्स पडला की तो संपतो.

आता त्या शून्याकडे येतो, कारण मेमरीच्या चुकीने पान बंद पडते आणि सर्वांना कळते, पण शून्याची चूक पान छापून देते. एखाद्या शेतकऱ्याची उचल विचारली तर उत्तर तीन प्रकारचे असू शकते. त्याची ओळच नाही. ओळ आहे पण रकमेचा रकाना रिकामा, म्हणजे नल आहे. किंवा ओळ आहे आणि रक्कम खरोखर शून्य आहे. पहिला शेतकरी आपल्याकडे आलाच नाही, दुसऱ्याची नोंद करायची राहिली आहे, आणि तिसऱ्याने उचल घेतलेली नाही हे मुनीमजींनी स्वतः लिहिले आहे. पीडीओचे एकच मूल्य आणणारे 'फेच-कॉलम' या तिन्हींसाठी अनुक्रमे फॉल्स, नल आणि शून्य देते, म्हणजे फरक आपल्यापर्यंत नीट पोहोचतो. तो पुसून टाकतो आपला 'इफ', कारण पीएचपीच्या सैल तपासणीत हे तिन्ही एकसारखेच 'नाही' ठरतात. तीन बरोबरच्या चिन्हांची काटेकोर तुलना करून आधी फॉल्स आणि मग नल वेगळे काढणे हाच यावर उपाय आहे.

यात आणखी एक मौज आहे. रकमेचा रकाना डेसिमल प्रकारचा असेल तर तो पीएचपीत मजकूर म्हणून येतो, आणि शून्य रक्कम '०.००' अशी येते. एकट्या शून्याचा मजकूर पीएचपी 'नाही' मानते, पण शून्य-दशांश-शून्य-शून्य हा मजकूर मात्र 'आहे' मानते. त्यामुळे तोच 'इफ' पूर्णांक रकान्यावर एक उत्तर देतो आणि डेसिमल रकान्यावर दुसरे. ज्या माणसाने ही दोन पाने वेगवेगळ्या वर्षी लिहिली असतील त्याला दुकानात उभे राहून याचे स्पष्टीकरण देणे फार जड जाते.

माझ्या हातून घडलेला प्रकार असा होता. एका आडत दुकानासाठी मी हमालीची एकूण बेरीज काढणारे पान लिहिले होते. हमाली पूर्ण रुपयांत, म्हणून रकाना पूर्णांक ठेवला होता. लूपची अटच मी 'फेच-कॉलममधून मूल्य मिळत आहे तोपर्यंत' अशी लिहिली. पहिला महिना आकडे बरोबर आले. पुढे एका शेतकऱ्याने आपल्या गड्यांकडून माल उतरवून घेतला आणि त्याच्या पट्टीवर हमाली शून्य लागली. माझ्या लूपने ते शून्य पाहिले, ओळी संपल्या असे मानले आणि तो थांबला. त्या पट्टीनंतरची एकही हमाली बेरजेत आली नाही, आणि पडद्यावर चुकीचे एक अक्षर उमटले नाही. ही चूक मला सापडली नाही. तिथल्या वयस्कर मुनीमजींनी रोजमेळाशी ताडून ती काढली आणि 'साहेब, तुमचं मशीन मधेच उठून जातंय' एवढेच ते म्हणाले. तेव्हापासून मी लूप नेहमी संपूर्ण ओळ मागून चालवतो. ओळीचा ॲरे रिकामा नसतो, म्हणून तो 'नाही' ठरत नाही. आणि एकच मूल्य वाचायचे असेल तर फॉल्सशी काटेकोर तुलना करतो.

आपल्या कोडच्या तुकड्यात जागोजागी दोन प्रश्नचिन्हे आणि पुढे शून्य, म्हणजे 'मूल्य नसेल तर शून्य धर', असे लिहिलेले दिसले. चेतावणी बंद व्हावी म्हणून ते घातले असावे. अहवालात नोंद नसलेली उचल शून्य दिसते ती याच कारणाने. या चिन्हाचा दुसरा धोका याहून मोठा आहे: रकान्याचे नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले, तरी ते निमूटपणे शून्य देते. नाव चुकल्याची जी चेतावणी आपल्याला वाचवू शकली असती, तीच आपण दाबून टाकतो. 'नोंद नसेल तर शून्य धरा' हा व्यवहाराचा निर्णय आहे. तो दुकानदाराला विचारून घ्यावा, आणि घेतला तर क्वेरीत कोअलेस (नलच्या जागी दुसरे मूल्य देणारे फंक्शन) वापरून एकाच ठिकाणी लिहावा. माझ्या अहवालांत मी नोंद नसलेल्या रकमेच्या जागी आडवी रेघ छापतो. सोयाबीनच्या ओलाव्याच्या रकान्यात तर शून्य छापणे हास्यास्पदच ठरेल, कारण शून्य टक्के ओलाव्याचे सोयाबीन कुठल्याच शेतात पिकत नाही. तिथे शून्य दिसले याचा अर्थ ओलावा मोजलाच नाही, एवढाच होतो.

बेरजेचेही ध्यानात ठेवावे. गट न करता 'सम', म्हणजे बेरजेचे फंक्शन, मागितले आणि एकही ओळ जुळली नाही, तरी निकालात एक ओळ येते आणि तिच्यातले मूल्य नल असते. ओळी मोजणारे 'काउंट' मात्र शून्य देते. त्यामुळे 'ओळ आली, म्हणजे पट्टी आहे' हे अनुमान बेरजेच्या क्वेरीला लागू पडत नाही. गट केला असेल तर ओळच येत नाही. पट्टी नसलेल्या शेतकऱ्याच्या पानावरील आपली चेतावणी या शेवटच्या प्रकारची असावी, असा माझा अंदाज आहे: ओळ आली का हे न पाहता तिच्यातला रकाना वाचला जात आहे.

जोडणी केलेल्या क्वेरीत रकान्यांच्या नावांकडे लक्ष द्यावे. शेतकऱ्याच्या टेबलात 'नाव' आणि गावाच्या टेबलातही 'नाव' असेल, तर नावानुसार वाचलेल्या ॲरेमध्ये शेवटचे तेवढे उरते, पहिले त्याखाली दडपले जाते. मग पट्टीवर शेतकऱ्याच्या जागी 'हाळी' किंवा 'देवणी' छापून येते. दोघांना क्वेरीतच वेगळी टोपणनावे द्यावीत. रकाना क्रमांकाने वाचणे, म्हणजे 'तिसरा रकाना रक्कम', हे तारेसोबत कधीच करू नये. पुढच्या वर्षी कोणी टेबलात मध्येच एक रकाना घातला की सारे क्रमांक सरकतात.

पैशांची बेरीज पीएचपीत करत असाल तर डेसिमलचा मजकूर अधिकचे चिन्ह लागताच फ्लोटमध्ये, म्हणजे द्विमान अपूर्णांकात, बदलतो, आणि तो प्रकार ०.१ सारखी साधी संख्याही अचूक साठवू शकत नाही. हजारो ओळींनंतर पैशांचा फरक पडतो, आणि आडतीत पैशाचा फरक रुपयाच्या फरकाइतकाच वाईट दिसतो. बेरीज डेटाबेसमध्ये डेसिमलवरच होऊ द्यावी, किंवा रकमा पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवाव्यात.

देवनागरीबद्दल थोडेसे. कनेक्शन उघडतानाच अक्षरसंच यूटीएफ-८-एमबी-४ असा द्यावा. टेबल नीट असूनही कनेक्शन चुकीचे असेल तर वाचताना नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात. छोट्या प्रिंटरसाठी नाव कापताना बाइट मोजून कापू नये. 'औरंगाबाद' हे यूटीएफ-८ मध्ये २४ बाइटचे आहे आणि 'छत्रपती संभाजीनगर' ४९ बाइटचे. वीस बाइटवर कापले तर सातव्या चिन्हाचे दोन तुकडे होतात आणि पावतीवर चौकोन उमटतो. चिन्हे मोजून कापले तरी मात्रा तुटू शकते, म्हणून मी ग्रॅफीम, म्हणजे मात्रेसकट दिसणारे पूर्ण अक्षर, मोजणारे फंक्शन वापरतो. आणि जिल्ह्यांची जुनी-नवी नावे दोन्ही आपल्या टेबलात असणारच. नावावर गट केला तर एकाच जिल्ह्याच्या दोन ओळी येतील, म्हणून जिल्ह्याच्या क्रमांकावर गट करावा.

सुरक्षिततेचे नियम आपणांस माहीत असतील, तरी त्यातले जे वाचनाशी जोडलेले आहे तेवढे सांगतो. शोधाच्या चौकटीत आलेला मजकूर क्वेरीच्या वाक्यात जोडू नये. प्रिपेअर करून, म्हणजे मूल्याची जागा रिकामी ठेवून क्वेरी आधी तयार करून, मूल्य वेगळे द्यावे. क्रमवारीसाठी रकान्याचे नाव बाहेरून येत असेल तर ते असे बांधता येत नाही, म्हणून चालणाऱ्या नावांची छोटी यादी कोडमध्ये ठेवून तिच्याशी पडताळावे. आपल्याच टेबलातून आलेले मूल्यही पानावर छापताना एचटीएमएलसाठी सुरक्षित करूनच छापावे. शेऱ्याच्या रकान्यात कोणी काय लिहून ठेवले आहे ते आपल्याला माहीत नसते. पीएचपी ८.० पासून पीडीओ चुकीवर एक्सेप्शन, म्हणजे प्रोग्राम थांबवणारी सूचना, फेकते. त्याआधीच्या आवृत्तीत हे सेटिंग हाताने लावले नसेल तर फसलेली क्वेरी गुपचूप फॉल्स देते आणि आपण तिच्यावर 'फेच' मारत बसतो. एक्सेप्शन पकडून रिकामी यादी दाखवण्याचा मोह आवरावा, कारण 'आपली एकही पट्टी नाही' आणि 'आत्ता पट्ट्या वाचता आल्या नाहीत' ही दोन वाक्ये शेतकऱ्यासाठी फार वेगळी आहेत.

अहवालाच्या माथ्यावरची बेरीज एका क्वेरीने आणि खालचा तपशील दुसऱ्या क्वेरीने येत असेल, आणि मधल्या क्षणी दुसऱ्या काउंटरवर पट्टी चढली, तर दोन्ही जुळत नाहीत. इनोडीबीच्या (मायएसक्यूएलच्या नेहमीच्या साठवण-इंजिनाच्या) मूळ आयसोलेशन पातळीवर दोन्ही वाचने एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एका अखंड व्यवहारात, केली की दोघांना एकच चित्र दिसते. मात्र बाकी वाचून, त्यातून रक्कम वजा करून, परत लिहायची असेल तर एवढे पुरत नाही. तिथे ओळ कुलूप लावून वाचावी किंवा वजाबाकी अपडेटच्या वाक्यातच करावी.

भाषा बदलण्याबद्दल माझे स्पष्ट मत नकारार्थी आहे. जावामध्ये 'गेट-इंट' हे नलसाठी चक्क शून्य देते आणि खरे काय होते ते 'वॉज-नल' विचारून लगेच पाहावे लागते, म्हणजे आपला शून्याचा त्रास तिथे तयारच बसलेला आहे. पोस्टग्रेस्क्यूएलचा जावा ड्रायव्हरही मुळात सर्व ओळी एकदम ओढतो. ऑटो-कमिट (प्रत्येक वाक्य आपोआप पक्के करणे) बंद करून फेच साइझ, म्हणजे एका वेळच्या ओळींची संख्या, दिला तरच तुकड्यांनी वाचतो. पायथनच्या सायकोपीजी-२ या पोस्टग्रेस्क्यूएल ड्रायव्हरमध्ये साधा कर्सर तेच करतो, नाव दिलेला कर्सर सर्व्हरवर राहतो. सी-शार्पमध्ये नल ओळखायला वेगळी तपासणी करावी लागते, आणि रीडर व कनेक्शन बंद करायचे राहिले तर पूलमधली, म्हणजे पुन्हा वापरण्यासाठी राखलेल्या साठ्यातली, कनेक्शन संपतात. मूळ सेटिंगमध्ये ती शंभर असतात आणि गर्दीच्या दिवशी शंभर भरायला वेळ लागत नाही. पीएचपीत विनंती संपली की बहुधा सारे बंद होते, म्हणून ही शिस्त आपल्याला लागलेली नसते. रात्रभर चालणारी स्क्रिप्ट लिहाल तेव्हा ती आठवावी.

कामाचा क्रम विचाराल तर मी आधी तारखेची अट आणि शेतकरीनिहाय बेरीज क्वेरीत नेईन, कारण त्यातून मेमरीचा प्रश्न बहुधा आपोआप मिटेल. मग ती दोन प्रश्नचिन्हे काढून टाकीन आणि ज्या चेतावण्या उघड्या पडतील त्या एकेक करून पाहीन. बफर बंद करणे आणि तुकड्यांनी वाचणे हे पट्टीनिहाय संपूर्ण उतारा फाइलमध्ये काढण्यासाठी राखून ठेवीन. सोबत तपासणीच्या डेटाबेसमध्ये चार शेतकरी कायमचे घालून ठेवावेत: एकही पट्टी नसलेला, पट्टी असलेला पण उचलीचा रकाना रिकामा असलेला, उचल खरोखर शून्य असलेला, आणि तीन पट्ट्या व दोन उचली असलेला. बदल केल्यावर या चौघांची पाने आणि एकत्रित अहवाल काढून पाहावा. पहिल्या तिघांच्या उचलीच्या जागी तीन वेगवेगळ्या गोष्टी दिसल्या, आणि चौथ्याची बेरीज हाताने केलेल्या बेरजेशी जुळली, तर कोड दुकानात न्यायला हरकत नाही. जुळली नाही तर ती क्वेरी, टेबलांची रचना आणि या चार शेतकऱ्यांच्या ओळी इथे द्या. खऱ्या शेतकऱ्यांची नावे आणि खाते क्रमांक मात्र देऊ नका.